घरच्या शेगडीची स्वच्छता आणि प्राथमिक शिक्षक

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेत ‘शेगडीची स्वच्छता’ हे शब्द वाचून आपणांपैकी काहींच्या चेहऱ्यावर स्मित उमटले, ते माझ्या नजरेतून सुटलेले नाही. वाचन, लेखन, अंकगणित, पटनोंदणी, शिष्यवृत्ती परीक्षा ह्या मानकऱ्यांच्या पंक्तीत ही शेगडी कोठून येऊन बसली, अशी शंका आपल्या मनात आली असल्यास ती स्वाभाविक आहे. तिचे उत्तर मी प्रथम हजेरीपुस्तकातून देतो, कारण मला हा विषय तेथेच सापडला.

एका शाळेची तपासणी करीत असता सहावीच्या वर्गाचे हजेरीपुस्तक मी चाळीत होतो. गुरुजींनी उशिरा येणाऱ्यांच्या नावांपुढे तांबड्या शाईने बारीक खूण करण्याची पद्धत ठेवली होती. खुणा पुष्कळ होत्या; परंतु त्या जवळजवळ सर्व चार-पाच नावांपुढेच होत्या आणि ती सर्व नावे मुलींची होती. त्याच घरांतील मुलगे वेळेवर येत होते. घर तेच, वाट तीच, घंटाही तीच. मग हा फरक कशाने पडला? मधल्या सुट्टीत मुलींशी सहज बोलणे काढले, तेव्हा कारण कळले. सकाळी चुलीतील राख काढणे, पोतेरे फिरविणे, रात्रीची तेलकट शेगडी पुसणे आणि मग भांडी, एवढे झाल्यावर दप्तर हाती घ्यावयाचे, असा त्यांच्या घरचा शिरस्ता होता. भावाकडे ह्यांपैकी एकही काम नव्हते. मुलींचा त्याबद्दल काही तक्रारीचा सूर होता असेही नाही. हे असेच असावयाचे, अशी त्यांची समजूत होती. मला अधिक वाईट वाटले ते त्या समजुतीचे.

तेव्हा शेगडी हा शाळेबाहेरचा विषय आहे, असे मानण्याचे कारण नाही. ती रोज सकाळी आपल्या वर्गातील काही मुलींची पंधरा-वीस मिनिटे घेऊन जाते, आणि बहुधा तो वेळ पहिल्या तासाचा, म्हणजे भाषेचा किंवा गणिताचा असतो. शिवाय ज्या कामाचे ज्ञान कोणासच नीट दिले जात नाही, ते काम अधिक वेळ खाते आणि अधिक धोक्याचेही होते. ह्या दोन्ही गोष्टींवर शिक्षकास उपाय करता येतो.

प्रथम ज्योतीकडे वळू. गॅसच्या शेगडीची स्वच्छता ही दिसण्याची बाब आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. पाहुणे यावयाचे झाले की शेगडी चकचकीत होते. परंतु तिचा खरा हिशेब ज्योतीच्या रंगात असतो. १८५५ च्या सुमारास जर्मनीतील हायडेलबर्ग येथे रॉबर्ट बुन्सेन ह्या रसायनशास्त्रज्ञाने आपल्या प्रयोगशाळेसाठी एक दिवा प्रचारात आणला. त्यात गॅस पेटण्यापूर्वीच त्यात हवा मिसळेल अशी योजना होती. आपल्या स्वयंपाकघरातील शेगडी त्याच तत्त्वावर चालते. सिलिंडरमधून आलेला गॅस पितळेच्या एका अतिसूक्ष्म छिद्रातून, ज्यास आपण जेट म्हणतो त्यातून, वेगाने बाहेर पडतो. त्या वेगाने तो भोवतालची हवा आपल्याबरोबर नळीत ओढून घेतो. हे मिश्रण बर्नरच्या छिद्रांतून बाहेर येऊन पेटते. आणि राहिलेली हवा त्यास ज्योतीभोवती मिळते. घरगुती गॅसमध्ये मुख्यत्वे प्रोपेन व ब्यूटेन हे वायू असतात. त्यांचा एक भाग पूर्णपणे जळण्यास सुमारे २४ ते ३१ भाग हवा लागते. एवढी हवा मिळाली म्हणजे ज्योत निळी व स्थिर राहते. ती न मिळाल्यास गॅसमधील कार्बनाचे कण अर्धवट जळून तापतात व पिवळे प्रकाशू लागतात. हेच कण पुढे भांड्याच्या बुडास काजळी होऊन बसतात. मायकेल फॅरडे ह्या थोर शास्त्रज्ञाने १८६०–६१ च्या नाताळात लंडन येथे लहान मुलांसाठी मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली, त्यांत ज्योतीच्या पिवळेपणाचे हे कारण त्याने उकलून दाखविले आहे. मेणबत्ती व बशी एवढ्या साहित्यावर आपणांसही ते वर्गात दाखविता येईल. बशी ज्योतीवर क्षणभर धरावी. तिजवर उमटणारी काजळी पाहताच मुलांना पुढचे सांगावे लागत नाही.

आता ही हवा कोठे अडते? बर्नरच्या छिद्रांत ऊतू गेलेल्या दुधाची साय करपून बसते, डाळीचा फेस वाळून बसतो, तेलाच्या थेंबांत धूळ मिसळून तिचे किटण होते. रथसप्तमीस अंगणात गवऱ्यांवर दूध ऊतू घालावयाची आपली रीत आहे आणि तेथे ते शुभच होय. बर्नरवर मात्र त्याच दुधाने निम्मी छिद्रे बुजतात. मग ज्योत एका बाजूस उंच, एका बाजूस खुजी होते, पिवळी जिभळी काढू लागते, भांडे काळे होते आणि सिलिंडर लवकर संपतो. घरगुती शेगड्यांसाठी भारतीय मानक ४२४६ आहे. त्याप्रमाणे गॅसच्या उष्णतेपैकी निदान ६८ टक्के भाग भांड्यास मिळावा अशी अपेक्षा आहे. नवी शेगडी ह्या अपेक्षेस उतरते. किटलेली शेगडी उतरेल, असे समजण्याचे कारण नाही. १४.२ किलोच्या सिलिंडरचे पैसे भरताना मजुरी करणाऱ्या कुटुंबास किती विचार करावा लागतो, हे आपण खेड्यात राहणारे लोक जाणतो. काजळीच्या रूपाने त्यांतील काही पैसे भांड्याच्या बुडास लागतात आणि पुन्हा घासण्याचे कष्ट पदरात घालतात.

अपुऱ्या ज्वलनाचा दुसरा परिणाम डोळ्यांस दिसत नाही. अशा ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्यास रंग नाही, वास नाही. खिडकी उघडी असेल तर तो निघून जातो. बंद खोलीत मात्र डोके दुखणे, मळमळणे, गुंगी येणे आणि प्रसंगी मृत्यू, असा त्याचा क्रम आहे. थंडीच्या दिवसांत दारे लावून कोळशाची शेगडी उशाशी घेऊन झोपलेल्या माणसांच्या ज्या वार्ता आपण ऐकतो, त्या ह्याच वायूच्या होत.

प्रत्यक्ष स्वच्छतेविषयी आता सांगतो. हे काम मी माझ्या घरी दर रविवारी स्वतः करतो, त्यामुळे ऐकीव गोष्टी सांगण्याचा प्रसंग माझ्यावर येणार नाही. सर्वप्रथम सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा व शेगडी पूर्ण थंड होऊ द्यावी. नुसती शेगडीची कळ बंद करणे पुरेसे नाही, कारण पुसताना कापडाच्या ओढीने कळ फिरते आणि ते ध्यानातही येत नाही. काचेचा पृष्ठभाग असलेल्या शेगडीवर तर गरम असता थंड पाणी कदापि पडू देऊ नये, काच तडकते. नंतर भांडे ठेवावयाच्या लोखंडी कड्या, खालच्या ताटल्या आणि बर्नर उचलून घ्यावेत. एक लिटर कढत पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवून त्यात कड्या व पितळी बर्नर अर्धा तास बुडवून ठेवावेत. सोडा अल्कधर्मी असल्याने तो तेलाशी संयोग पावून त्याचे काही अंशी साबणात रूपांतर करतो, आणि मग नारळाच्या शेंडीच्या घासणीने हलक्या हाताने घासले तरी किटण सुटते. मात्र ॲल्युमिनियमचे भाग सोड्याच्या पाण्यात ठेवू नयेत. ते काळे पडतात व झिजतात. पोलादी पत्र्यावर तारेची घासणी चालवू नये, ओरखडे उठतात आणि त्यांत पुढे मळ अधिकच धरतो. सोड्याच्या पाण्यात हात घालणाऱ्याने रबरी मोजे घालावेत. ते नसतील तर प्लॅस्टिकची पिशवी हातात चढवावी. हाताची त्वचा तेलकट मळाइतकी निबर नसते.

आपल्या आजी ज्या राखेने भांडी घाशीत, ती राख ह्याच कामाची होती, हे मुलांना अवश्य सांगावे. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते, तेही अल्कधर्मी. पितळी बर्नरचा काळेपणा घालविण्यास चिंच व मीठ चालते, ते आम्लामुळे. तेलास अल्क आणि पितळेच्या डागास आम्ल, एवढा विवेक आपल्या स्वयंपाकघरात पूर्वीपासून होता. फक्त त्याची नावे पुस्तकात निराळी आहेत. येथे एका प्रचलित गैरसमजाचा उल्लेख करतो. खाण्याचा सोडा आणि लिंबू किंवा व्हिनेगर एकत्र ओतावे, फेस येतो व मळ पळतो, असे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. फेस येतो हे खरे. परंतु तो कर्बद्विप्राणिल वायूचा असतो. अल्क व आम्ल ह्यांनी एकमेकांस नाहीसे केल्यावर खाली जवळजवळ खारट पाणीच उरते. प्रयोग म्हणून ते वर्गात करावे, मुलांना आनंद होतो. शेगडीसाठी मात्र दोन्ही वेगवेगळे व एकामागून एक वापरावे.

बर्नरची छिद्रे टाचणीने किंवा बारीक तारेने एकेक मोकळी करावीत. जेटला मात्र टाचणी लावू नये, हे मी आवर्जून सांगतो, कारण ही चूक घरोघरी होते आणि तिचे कारण मोठे मनोरंजक आहे. १८९२ साली स्वीडनमधील लिंडक्विस्ट ह्या कारागिराने रॉकेलचा दाबाचा स्टोव्ह काढला. तो पुढे आपल्याकडे घरोघरी आला. त्या स्टोव्हचे तोंड काजळीने वारंवार बुजे, आणि त्यासाठी पत्र्याच्या पट्टीस बारीक तार लावलेली खास पिन मिळे. ‘स्टोव्हला पिन मार’ हे वाक्य आमच्या लहानपणी रोज कानी पडे. स्टोव्ह गेला, परंतु हाताची सवय राहिली. गॅसचा जेट मऊ पितळेचा असून त्याचे छिद्र ठरावीक मापाचे असते. त्यात टाचणी घातली की छिद्र रुंदावते, गॅस जास्त व हवा कमी येते, आणि ज्योत आधीपेक्षा पिवळी होते. माणसास वाटते, अजून घाण आहे. तो पुन्हा टाचणी घालतो. जेटचे काम जाणत्या कारागिरावरच सोपवावे.

धुतलेले बर्नर स्वच्छ पाण्याने पुन्हा एकदा धुऊन, पालथे घालून, उन्हात पूर्ण वाळवावेत. शेगडीवर कधीही पाणी ओतू नये. ते कळांत व नळीत शिरते. ओल्या कापडाने पुसून मग कोरड्याने पुसावे. मोठा बर्नर मोठ्याच जागी, लहान तो लहान जागी आणि आपल्या खाचेत नीट बसला पाहिजे. तो तिरका बसला तर ज्योत खालून बाहेर येते. सर्व जागेवर आल्यावर खिडकी उघडून रेग्युलेटर चालू करावा, शेगडी पेटवावी आणि ज्योत पाहावी. आता एक सूक्ष्म गोष्ट. नुकत्याच धुतलेल्या बर्नरची ज्योतही क्वचित पिवळ्या ठिपक्यांची दिसते आणि आपले श्रम वाया गेले असे वाटते. तो राहिलेल्या सोड्याचा, म्हणजे सोडियमचा रंग होय. मीठ पडले तरी तसाच येतो. तो थोड्या वेळात जातो. काजळीचा पिवळा रंग मात्र जात नाही आणि भांडे काळे करतो. हा भेद ओळखण्यास शास्त्रशिक्षक असण्याची आवश्यकता नाही, दोन वेळा पाहिले की पुरते.

दर आठवड्यास एवढा खटाटोप कोण करणार, असे आपण म्हणाल. त्यास उत्तर असे की, तेल ताजे असता निघते, जुने झाले म्हणजे निघत नाही. जवसाचे तेल हवेत वाळून घट्ट होते व म्हणून ते रोगणात वापरतात; आपल्या फोडणीचे उडालेले थेंबही उष्णतेने तसेच लाखेसारखे घट्ट होत जातात. रात्रीच्या जेवणानंतर शेगडी निवाली की दोन मिनिटे साबणाच्या कोमट पाण्याचे फडके फिरविले, तर सोड्याचे काम महिन्यातून एकदा केले तरी चालते. श्रावणातील शिळासप्तमीस काही घरांत चूल पेटवीत नाहीत, तिची पूजा करतात व आदल्या दिवशीचे अन्न खातात. वर्षातून एक दिवस चूल संपूर्ण थंड राहण्याची ही योजना मला स्वच्छतेच्या दृष्टीने फार सोयीची वाटते. सासुबाईंनी मात्र माझा हा अर्थ अद्याप मान्य केलेला नाही.

गॅसच्या नळीकडे आता वळू. नळी ओल्या कापडाने पुसावी, तिजवर कापड गुंडाळू नये किंवा ती भिंतीत दडवू नये, आणि तिजवर छापलेली मुदत संपली की बदलावी. जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. काडी पेटवून गळती शोधणारा माणूस मी पाहिला आहे. तो सुदैवी होता, एवढेच म्हणतो. गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. हा वास आला तर विजेचे बटण चालू अथवा बंद काहीही करू नये, रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात, माणसे बाहेर काढावीत आणि बाहेर जाऊन १९०६ ह्या क्रमांकावर कळवावे. हा क्रमांक फळ्याच्या एका कोपऱ्यात आठवडाभर लिहून ठेवला, तर मुले तो आपोआप घरी घेऊन जातील.

ह्याला जोडून खेड्यातील एका विशेष परिस्थितीचा विचार केला पाहिजे. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला आणि त्यानंतर गॅस अनेक घरांत प्रथमच आला. परंतु चूल गेली नाही. चहा गॅसवर आणि भाकरी चुलीवर, अशी वाटणी आपण अनेक घरांत पाहतो. भाकरीची चव व जळणाची बचत, दोन्ही कारणे समजण्यासारखी आहेत. मात्र हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो वर न जाता जमिनीलगत पसरतो, आणि आपली चूल नेमकी जमिनीवर असते. म्हणून एकाच खोलीत सिलिंडर व पेटती चूल असू नये, आणि शेगडी ओट्यावर, म्हणजे सिलिंडरपेक्षा उंच असावी. पालकसभेत एवढीच एक गोष्ट सांगितली तरी ती सभा वाया गेली असे मी म्हणणार नाही.

चुलीची स्वच्छता निराळी. तिच्यातील राख रोज काढलीच पाहिजे, कारण राख साचली की खालून हवा मिळत नाही, लाकूड धुमसते आणि धूर होतो. परंतु वरून थंड दिसणाऱ्या राखेच्या पोटात निखारा कित्येक तास जिवंत असतो. ती तशीच उकिरड्यावर किंवा कडब्याच्या गंजीजवळ टाकल्याने आगी लागतात. पत्र्याच्या डब्यात काढून, पाणी शिंपडून मगच ती बाहेर न्यावी. वैलाची वाट व धुराडे असल्यास तेही आठवड्यास काजळी काढून मोकळे ठेवावे. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कार्यकर्त्यांनी स्वातंत्र्याच्या सुमारास धुराड्याची ‘मगन चूल’ तयार केली आणि १९८३ पासून शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रमही चालविला. त्यांतील कित्येक चुली पुढे निरुपयोगी झाल्या. धुराडी काजळीने बुजणे हे त्याचे एक कारण होते. नवी वस्तू देणाऱ्याने ती साफ कशी करावी हेही शिकविले पाहिजे, ही गोष्ट आपल्या योजनांत वारंवार राहून जाते. शेणाने सारवण्यास माझा विरोध नाही; हातास जखम असता मात्र सारवू नये, कारण शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात, आणि सारवल्यावर साबणाने हात धुतल्याखेरीज पिठास हात लावू नये.

भट्टी म्हणजे ओव्हन आता काही शिक्षकांच्या घरीही आला आहे, म्हणून त्याविषयी दोन शब्द. तो साफ करण्यापूर्वी विजेची वायर खोबणीतून काढावी. आत खाण्याच्या सोड्याची पाण्यात कालवलेली लुकडी लावून रात्रभर ठेवावी व सकाळी ओल्या फडक्याने पुसावी; तापणाऱ्या सळ्यांना पाणी वा सोडा लागू देऊ नये. मायक्रोवेव्ह असल्यास काचेच्या वाडग्यात पाणी व लिंबाच्या फोडी घालून, त्यात एक लाकडी चमचा ठेवून, तीन-चार मिनिटे तापवावे व थोडा वेळ दार बंद ठेवावे. वाफेने डाग सैल होतात. एवढे पुरे. बाजारात मिळणारी कॉस्टिक सोड्याची तीव्र द्रव्ये मी घरात आणीत नाही. ती मळाबरोबर हातही जाळतात.

द्रव्यांचा विषय निघालाच आहे. शौचालयाचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास क्लोरीन हा घातक वायू निघतो. ‘दोन औषधे मिसळली म्हणजे दुप्पट गुण’ ह्या समजुतीने गृहिणी घुसमटतात. रॉकेल किंवा पेट्रोलाच्या बोळ्याने तेलकट शेगडी पुसणे हा तर आगीस दिलेला निरोप होय. आणि ही द्रव्ये थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची जी सवय आहे, ती आपण शाळेत व घरी कठोरपणे मोडली पाहिजे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावी शाळेचे भोजन घेतल्याने २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळलेले आढळले. त्याच तारखेस नऊ वर्षे आधी, १६ जुलै २००४ रोजी, तामिळनाडूतील कुंभकोणम् येथे शाळेच्या स्वयंपाकाच्या जागेतून लागलेली आग झावळ्यांच्या छपरास भिडली आणि ९४ मुले होरपळून मेली. ह्या दोन तारखा मी आपणांस भय घालण्यासाठी सांगत नाही. शाळेतील स्वयंपाकघराची किल्ली आपणांपैकी पुष्कळांच्या खिशात असते, म्हणून सांगतो.

त्या स्वयंपाकघराची शेगडी मे महिन्याच्या सुट्टीत बंद असते. तेवढ्या अवधीत कोळी नळीत जाळे विणतो, कुंभारमाशी मातीचे घर करते, उंदीर रबरी नळी कुरतडतो. जूनमध्ये पहिल्याच दिवशी शेगडी पेटविली की ज्योत आतल्या आत ‘फट्’ करून पेट घेते. तरी शाळा उघडण्यापूर्वी एक दिवस मुख्याध्यापकांनी स्वयंपाक करणाऱ्या ताईंसमवेत बसून बर्नर, नळी व जोड तपासावेत, आणि जेथे शंका असेल तेथे गॅस वितरकाचा माणूस बोलवावा. ही तपासणी ताईंवर टाकून मोकळे होऊ नये. त्यांना मिळणारे मानधन पाहता आपण त्यांच्याकडून आधीच पुष्कळ काम करून घेत आहोत. आणि विद्यार्थ्यांकडून ही शेगडी घासून घेऊ नये. ह्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे. शिकविणे निराळे व राबवून घेणे निराळे.

मग शिकवावे कसे? ज्या शाळेचे हजेरीपुस्तक मी प्रारंभी सांगितले, तेथील गुरुजींनी मुलींना उशिराबद्दल बोलणे थांबविले आणि सहावीतील सर्वांस, मुलगे व मुली दोघांसही, एक घरकाम दिले. आठ दिवस रोज संध्याकाळी आईच्या किंवा वडिलांच्या शेजारी उभे राहून ज्योत पाहावयाची व वहीत लिहावयाचे: रंग कोणता, किती छिद्रे बंद आहेत, भांड्याचे बूड काळे होते का, शेगडी कोणी पुसली, त्यास किती मिनिटे लागली. हात लावण्याची मुभा नव्हती, फक्त पाहणे व लिहिणे. आठवड्याअखेर तक्ता झाला. ‘शेगडी कोणी पुसली’ ह्या रकान्यात ‘आई’ व ‘ताई’ ह्यांखेरीज तिसरा शब्द जवळजवळ नव्हता. गुरुजींनी त्यावर काही भाष्य केले नाही. मुलांनीच ते मोठ्याने वाचले आणि काही वेळ वर्ग शांत होता. पुढील आठवड्यात घरच्या मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, गॅस बंद असता, बाहेरून शेगडी पुसण्याचे काम सर्वांस पाळीपाळीने दिले गेले. धुण्याचा सोडा व गरम पाणी हे मोठ्यांकडेच राहिले.

दोन पालक शाळेत आले. ‘पोरांना भांडी घासायला शिकविता का, गुरुजी?’ असा त्यांचा प्रश्न होता. गुरुजींनी त्यांना तक्त्यासमोर उभे केले आणि त्यांच्याच घरच्या दोन ओळी दाखविल्या. एक पालक हसून गेले, दुसरे रागानेच गेले. सर्व गाव बदलले असे मी सांगणार नाही. पुढील तपासणीत मात्र त्या हजेरीपुस्तकातील तांबड्या खुणा निम्म्याहून कमी झाल्या होत्या, आणि एका मुलाच्या वहीतील ‘ज्योत पिवळी, वास येतो’ ह्या नोंदीवरून त्याच्या घरची मुदत संपलेली नळी बदलली गेली होती.

हे नवीन काही नाही. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर सेवाग्रामला नई तालीमची जी शाळा चालली, तेथे सफाई व स्वयंपाक ही शिक्षणाची अंगे मानली जात आणि शिक्षकही त्यांत हात घालीत. पुढे आपण ते अंग वेळापत्रकातून काढून निबंधाच्या विषयांत घातले. मला वाटते, ते पुन्हा चुलीपाशी नेणे कठीण नाही.

निरीक्षणाचा तक्ता ह्या पुस्तिकेसोबत वेगळा छापण्याची आवश्यकता नाही. वर सांगितलेले पाच रकाने वहीत आखले म्हणजे झाले. ज्या घरी अद्याप केवळ चूल आहे, त्या मुलांनी छिद्रांऐवजी ‘राख केव्हा काढली, धूर कोठून बाहेर गेला’ असे लिहावे, म्हणजे त्यांना वर्गात कमीपणा वाटणार नाही. सहावी व सातवीच्या वर्गशिक्षकांनी हे काम ह्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू करावे व तक्ते पुढील परिषदेस बरोबर आणावेत. त्या वेळी आपण प्रथम ‘कोणी पुसली’ हा रकाना वाचू.